ऊन अपुरं असल्यामुळे

घरातल्या पाचही स्पीकरांतून बाबांचा आवाज आला तेव्हा बाबा स्वतः तिच्यापासून तीन हातांवर सोफ्यात बसले होते आणि त्यांचं तोंड बंद होतं.

"ऊन अपुरं असल्यामुळे मागच्या खोलीतली भट्टी बंद करण्यात येत आहे. सहकार्याबद्दल आभार."

बुधवारची दुपार, पावणेबारा. बाहेर असं ऊन होतं की समोरच्या बाल्कनीतलं कुत्रं स्वतःच्याच सावलीत बसायचा प्रयत्न करत होतं. ती पाण्याचा ग्लास टाकून मागच्या खोलीत धावली. काही उपयोग नव्हता. भट्टीचा पडदा काळा झाला होता, आणि तासाभराने दार उघडलं तेव्हा आतल्या चारही दातांवर केसासारख्या चिरा होत्या.

दात बनवणं हा तिचा धंदा. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, ती ब्रशच्या टोकाने पोर्सिलीनची ओली पावडर थरावर थर चढवते आणि भट्टीत भाजते. भट्टी मध्येच बंद पडली की दात गेला. हे तिने बाबांना अकरा वेळा सांगितलं होतं. बाराव्यांदा सांगायला तोंड उघडलं, तर बाबांनी एक बोट वर करून तिला थांबवलं आणि फोनवरचा आलेख दाखवला. आलेख फार सुंदर होता, हीच खरी अडचण होती.

बाबा एकतीस वर्षं कारखान्याच्या गेटवर टाइमकीपर होते. निवृत्तीनंतर दोन वर्षं त्यांनी घरात कोण किती वाजता उठतं ते वहीत लिहून पाहिलं, पण त्याला कुणी भीक घातली नाही. मग गच्चीवर सोलर पॅनेलं आली, जिन्याखाली इन्व्हर्टर आला, आणि बाबांना पुन्हा एक गेट मिळालं. वीज किती बनते, घर किती खातं, बाहेर किती जाते, सगळं दर दहा सेकंदांना फोनवर. तेवढ्यावर भागेना म्हणून त्यांनी व्हिडिओ बघून बघून साबणाच्या वडीएवढा एक छोटा कॉम्प्युटर आणला, टीव्हीशेजारी ठेवला, इन्व्हर्टरशी जोडला आणि घरातल्या जवळजवळ प्रत्येक लाइनीवर त्याच्या हुकमाने चालूबंद होणारा रिले बसवून घेतला. वीज कमी पडली की काय बंद करायचं आणि जास्त झाली की काय चालू करायचं, हे आता ती डबी ठरवायची आणि बाबांच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजात स्पीकरांवरून जाहीर करायची. फ्यूजबोर्डाला कुलूप लागलं, लहान मुलांच्या सुरक्षेसाठी. घरात सगळ्यात लहान मूल ती होती. वय चौतीस.

डबीला ठरवता यावं म्हणून बाबांनी यादी केली होती. ती तिने बुधवारी पहिल्यांदा नीट वाचली. तीन सदरं: अत्यावश्यक, आवश्यक, छंद. अत्यावश्यकमध्ये पहिला नंबर त्या डबीचा, दुसरा स्पीकरांचा, तिसरा दाराबाहेरच्या दिव्याचा, जो गेल्या वर्षीपासून बंद होता. छंद या सदरात दोनच नोंदी होत्या. आईची पाय चेपणारी मशीन, आणि भट्टी.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, तिची आग वाटेत कुठेही थांबली नाही. नऊ वर्षं. गावभर तिचे हजारो दात लोकांच्या तोंडात रोज जेवत होते, हसत होते, खोटं बोलत होते, आणि घरी त्याला छंद म्हणून नोंद.

"हा छंद आहे?" तिने विचारलं.

बाबा म्हणाले, चिडू नकोस, हे फक्त एक तांत्रिक सदर आहे.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. डॉक्टर अतिशय सभ्यपणे बोलल्या, त्यामुळे ती जास्त घाबरली. हे चार दात होते एका ट्रंपेटवाल्याचे. तो काचेचं दार उघडं समजून सरळ चालत गेला होता. दार राहिलं, वरचे पुढचे चार दात गेले. शनिवारी त्याचा कार्यक्रम होता आणि दातांशिवाय त्याच्या ट्रंपेटमधून नुसती हवा येत होती. सोमवारी ब्रिज, म्हणजे त्या चार दातांचा जोडलेला संच, फुटला, आज परत फुटला. डॉक्टर म्हणाल्या की शुक्रवारी पाचपर्यंत नाही आला, तर हे काम मोठ्या लॅबला देते, आणि मग पुढचीही कामं तिकडेच पाठवणं सोयीचं पडेल. तुमच्या अडचणी मी समजू शकते, असंही म्हणाल्या. तिला स्वतःलाच त्या समजत नव्हत्या.

बाबांशी त्या रात्री जे झालं त्यात ती एकटीच बोलली. शेवटी बाबांनी भट्टी आवश्यक या सदरात घेतली, सगळ्यात खाली, फिशटँकच्या पंपानंतर. मासे मरून दोन वर्षं झाली होती, टँकमध्ये आई कांदे ठेवायची. शिवाय यापुढे दोन मिनिटं आधी सूचना देण्यात येईल, असं त्यांनी जाहीर केलं.

गुरुवारी ती दिवसभर पावडरचे थर चढवत बसली. संध्याकाळी सात वाजता, बाहेर पूर्ण अंधार झाल्यावर, स्पीकर म्हणाले की मुबलक ऊन उपलब्ध आहे. गीझर लागला, पाण्याचा पंप लागला, वॉशिंग मशीन रिकामीच फिरायला लागली. बाबा खुशीत होते. तीन किलोवॅट शिल्लक दाखवत होतं. ती म्हणाली, बाबा, सूर्य मावळलाय. बाबा म्हणाले, अगं, पॅनेलं दिवसभर तापलेली असतात, लगेच थंड होतात का? आणि हे त्यांनी अशा मायेने सांगितलं की ती उठून मोरीत गेली आणि नळाखाली डोकं धरून उभी राहिली.

शुक्रवारी बारा वाजता चारही दात तयार होते, फक्त भाजायचे राहिले होते. तिने भट्टीला हात लावला नाही. आभाळ स्वच्छ, ऊन रणरणतं, आणि स्पीकर एकामागून एक सूचना देत होते. पंखे गेले. टीव्ही गेला. दोन मिनिटांची सूचना देऊन फ्रिजही गेला. जसजशा वस्तू बंद होत होत्या तसतशी आलेखातली कमतरता वाढत होती, आणि बाबा घामाघूम होऊन म्हणत होते की कुठेतरी, कुणीतरी, काहीतरी चालू ठेवलंय.

आई इस्त्री करत होती. इस्त्रीच्या लाइनीवर रिले नव्हता, कारण रिलेवाला आला त्या दिवशी आईने त्याला तिथे उभंच राहू दिलं नव्हतं. कापडावरून नजर न काढता आई म्हणाली, "मला तर उलटंच वाटतं बाई. मी इस्त्री लावली की हे स्पीकर माझे आभार मानतात. मघाशी कमतरता कमी झाली म्हणून तीनदा आभार."

तिने डोळ्याला लावायचं भिंग घेतलं, पेचकस घेतला, आणि जिन्याखाली जाऊन बोर्डाचं कुलूप कडीसकट उचकटलं. बाबा मध्ये येऊन उभे राहिले. तिने त्यांना दोन्ही खांद्यांना धरून कपाटासारखं बाजूला सरकवलं.

मीटरकडून येणाऱ्या जाड वायरीभोवती एक काळं कडं होतं. वीज घरात येतेय की घराबाहेर जातेय ते हे कडं मोजतं आणि इन्व्हर्टरला सांगतं. कड्यावर बाण होता, आणि बाणाखाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: बाण घराकडे ठेवा. बाण मीटरकडे बघत होता. म्हणजे जास्तीची वीज बाहेर चालली की डबीला वाटायचं घर बाहेरून ओढतंय. भरदुपारी कमतरता, भरअंधारात सुकाळ.

"हे कुणी फिरवलं?"

"फिटरने उलटं बसवलं होतं," बाबा म्हणाले. "कंपनीचं नाव वाचताच येत नव्हतं. अक्षरं खाली डोकं वर पाय. तीन आठवड्यांपूर्वी मी सरळ केलं."

"बाबा, कुलूपबंद पेटीत, जिन्याखाली, अंधारात, ते नाव कोण वाचणार होतं?"

बाबा म्हणाले, "आधी सांगायचंस ना."

यावर ती जे बोलली ते समोरच्या बाल्कनीतल्या कुत्र्यालाही ऐकू गेलं असावं, कारण ते आत निघून गेलं. तीन आठवडे काय काय सांगितलं, कितव्यांदा सांगितलं, सोमवारचे चार दात, बुधवारचे चार दात, तारीखवार. नऊ वर्षांत एकदाही मागच्या खोलीत येऊन मी काय करते ते पाहिलंत का, हे तिने दोनदा विचारलं. मग तिने कडं उघडलं, फिरवलं, बंद केलं. घरभर सगळं एकदम चालू झालं. फ्रिज, पंखे, टीव्ही. आईची मशीन रिकाम्या खुर्चीसमोर कुणाचेच पाय चेपायला लागली.

सव्वा वाजता तिने दात भट्टीत ठेवले. तापमानाचा आकडा चढायला लागला. चारशे, सहाशे, आठशे. आणि दीड वाजायच्या सुमारास, अख्ख्या आठवड्यात पहिल्यांदा, सूर्यासमोर ढग आला.

स्पीकरांनी दोन मिनिटांची सूचना दिली.

ती बाहेर आली. बाबा टीव्हीशेजारी उभे होते, हातात फोन, आणि त्यांचा चेहरा कधी नव्हे इतका प्रामाणिक होता. "आता मात्र खरंच ऊन नाही," ते म्हणाले. "आता आकडा खरा आहे."

"बंद करा ते. सात मिनिटं राहिलीत."

"अगं, पण आता नियम मोडला, तर इतके दिवस पाळला त्याला काय अर्थ राहिला?"

ती खोलीत गेली, जबड्यांचे साचे ओतायचा रबरी वाडगा घेतला, त्यात पाणी, त्यात प्लास्टर, आणि तीस सेकंद ते घोटत घोटत बाहेर आली. डबी उचलली आणि वायरीसकट वाडग्यात बुडवली. सगळीकडून. वर आणखी एक थर दिला.

"ऊन अपुरं अस," स्पीकर म्हणाले, आणि थांबले.

डबी मेली. रिले शेवटच्या हुकमावर जसे होते तसेच राहिले. मागच्या खोलीत भट्टी गुणगुणत होती. आई वाडग्यात डोकावून म्हणाली, जरा वरून सारखं कर, ओबडधोबड दिसतंय.

साडेतीनला दात निघाले. चार दात, एकही चीर नाही, कडांना दुधी, मुळाशी किंचित पिवळे, जसे त्या माणसाचे बाकीचे होते. तिने ते कापसात ठेवून एका छोट्या खोक्यात घातले आणि बाबांच्या हातात दिले. तुम्ही नेऊन द्या, म्हणाली, आणि तो बसवून घेईपर्यंत तिथेच थांबा. बाबांनी रिक्षा करू का विचारलं. ती म्हणाली, काहीही करा.

बाबा सहानंतर आले. स्पीकर गप्प असल्यामुळे त्यांना मागच्या खोलीच्या दारापर्यंत चालत यावं लागलं. आत यायचं की नाही ते न ठरल्यामुळे ते उंबऱ्यावर थांबले. ती खुर्चीतून वळली नाही.

त्यांनी सांगितलं की डॉक्टर काही बोलल्या नाहीत, म्हणजे वाईट काही बोलल्या नाहीत. सोमवारी दोन दाढांची मापं पाठवणार आहेत. तो माणूस तिथेच खुर्चीत बसून वाजवायला लागला. फार वाईट वाजवतो.

"आणि दात?"

"मी त्याच्या तोंडात वाकून पाहिलं," बाबा म्हणाले. "डॉक्टरांनी बॅटरी धरली होती. तुझे कुठले आणि त्याचे कुठले, ते मला ओळखता आलं नाही. दोनदा मोजले."

तिला त्यावर काहीतरी वाटायला हवं होतं आणि तसं ते वाटलंही, पण रागाच्या खाली खूप खोल, आणि इतक्यात ते वर काढायची तिची मुळीच तयारी नव्हती. तिने ब्रश पाण्यात धुतला, टोक ओठांत धरून सरळ केलं, आणि भिंतीकडे तोंड करूनच बोलली.

"दोन दाढा म्हणजे सोमवारी नऊ ते एक. लिहून घ्या. त्या वेळात या घरात कुणीही काहीही वाचवायचं नाही."

बाबांनी खिसा चाचपला, पेन काढलं आणि लिहून घेतलं.