शून्य अंश

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि भित्रा आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. एके काळी माझा रंग पांढराशुभ्र होता. आता तो पिवळट पडला आहे आणि माझी दोन बटणे कायमची आत गेली आहेत.

माझी पहिली आठवणसुद्धा भीतीचीच आहे. कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर मी पोट उघडे टाकून पडलो होतो आणि एक कामगार बाई माझ्या आत एकेक भाग बसवत होती. तिच्या मनगटाला एक तार बांधलेली होती. लोकरीचा कपडा काढताना अंगाला जी चुटपुटती वीज लागते ना, तेवढीसुद्धा आम्हाला मारायला पुरते. ती वीज तारेतून निघून जावी म्हणून ही काळजी. शेजारच्या टेबलावरची मुलगी तार बांधायला विसरली, आणि तिच्या हातातला माझा भाऊबंद जन्मायच्या आधीच गेला. कोणी आरडाओरडा केला नाही. त्याला उचलून एका टोपलीत टाकले, एवढेच.

पुढे मी शाळेच्या कार्यालयात आलो. निकाल तयार केले, दाखले छापले. "काय झटपट काम करतो हो हा!" असे कारकून काका येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगत. मग सडपातळ, चकचकीत संगणक आले आणि माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. तिथे माझ्यासारखे बरेच होते. अधूनमधून दुरुस्तीवाला यायचा आणि कोणाच्या तरी पाठीचे स्क्रू काढायचा. स्क्रू फिरल्याचा आवाज आला की आता माझी पाळी, असे वाटायचे. एकदा त्याने माझेही झाकण उघडले, आत डोकावून पाहिले आणि म्हणाला, "छे, याच्यात घेण्यासारखं काही नाही." त्या अपमानाने माझा जीव वाचला.

तिथून मला बाहेर काढले ते विज्ञानाच्या बाईंनी. त्यांच्या वर्गाला अंडी उबवायची होती. लाकडी पेटीत अंडी, वर उष्णता देणारा दिवा, आत तापमान मोजणारा इवलासा सेन्सर, आणि दिवा लावायचे-विझवायचे काम माझ्याकडे. मला काय करायचे ते सांगणारा प्रोग्रॅम वर्गातल्या एका मुलीने लिहिला. ती एका जागी बसत नसे म्हणून सगळे तिला फिरकी म्हणत.

मित्रांनो, प्रोग्रॅम म्हणजे जादू नव्हे. ओळीने दिलेल्या सूचना, बस. फिरकीने माझ्या आठवणीत एक कप्पा केला आणि त्याला 'तापमान' असे नाव दिले. सेन्सर जो आकडा सांगेल तो त्या कप्प्यात ठेवायचा. असा कप्पा म्हणजे चल. त्यातला आकडा बदलत राहतो. मग तिने अट घातली : आकडा साडेसदतीस अंशांपेक्षा कमी असेल तर दिवा लाव, नसेल तर विझव. शेवटी लिहिले : पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू कर. याला म्हणतात आवर्तन. माणूस असता तर कंटाळला असता. मी कंटाळत नाही. न थकता तेच ते करणे हाच तर माझा गुण.

दिवस छान चालले होते. अंड्यांना उजेडासमोर धरले की आत बारीक लाल रेषा दिसू लागल्या होत्या. "बाई, हलतंय! आत काहीतरी हलतंय!" फिरकी ओरडली, तो दिवस मला आठवतो. त्या दिवसापासून माझी भीती वाढली. आजवर मी आकडे सांभाळले होते. आता माझ्या भरवशावर कोणीतरी जिवंत होते.

अशात फिरकीची मावशी शाळेत आली. संगणकाच्या क्षेत्रात कोणकोणती कामे असतात हे मुलांना सांगायला बाईंनी तिला बोलावले होते.

"मावशी, तू प्रोग्रॅम लिहितेस ना?" फिरकीने सगळ्यांसमोर ऐटीत विचारले.

"नाही गं. दुसऱ्यांनी लिहिलेला मोडून बघते," मावशी म्हणाली. मुले हसली. "खरंच सांगते. दवाखान्यात काचेच्या पेट्या असतात, अशक्त बाळांना ऊब द्यायला. त्या पेट्या चालवणारा प्रोग्रॅम आमच्याकडे बनतो. एक जण तो लिहितो. नर्सला एका नजरेत कळावं म्हणून पडद्यावर काय कुठे दिसेल, हे दुसरी ठरवते. तिसरा हजारो नोंदी तपासून कुठल्या बाळाला धोका आहे ते शोधतो. कोणी सेन्सर जोडतं. आणि मी? मी सगळ्यांच्या मागे हात धुऊन लागते. हे बिघडलं तर? ते तुटलं तर? चाचणी घेणं हेच माझं काम."

मग ती माझ्यासमोर वाकली आणि फिरकीच्या ओळी वाचू लागली.

"छान लिहिलंयस. पण तार निघाली तर हा कोणता आकडा वाचेल?"

"शून्य," फिरकी म्हणाली.

"आणि मग?"

फिरकीचे कान लाल झाले. "तार कशाला निघेल, मावशी? घट्ट लावलीये. उद्या बघते मी."

तेवढ्यात फोटोसाठी सगळ्यांना सभागृहात बोलावले. मुले ढकलाढकली करत निघाली. कोणाचे तरी दप्तर टेबलाच्या कडेला अडकले, त्याने ते ओढून सोडवले आणि तो पळाला. दार बंद झाले.

सेन्सरची तार निघून खाली लोंबत होती.

मी तापमान वाचले. शून्य. शून्य साडेसदतीसपेक्षा कमी आहे. दिवा लाव. लावला. पुन्हा वाचले. शून्य. दिवा लाव. पुन्हा. शून्य.

पेटी माझ्या अंगाला खेटून ठेवलेली होती. तिची लाकडी भिंत आधी कोमट झाली, मग गरम, मग आणखी गरम. खोलीत असे शून्य अंश असूच शकत नाहीत, हे मला कळत होते. पण कळून उपयोग काय? माझ्या कप्प्यात शून्य होते आणि माझी अट त्या कप्प्याकडे बघत होती. शंका आली तर थांब, असे मला कोणी सांगितलेच नव्हते. आत त्या लाल रेषा होत्या. त्या पिल्लांना वाटत असेल, आई जवळ बसली आहे. आणि मी, मित्रांनो, मी त्यांना भाजत होतो. चोख. न थकता. एका क्षणाचाही उशीर न करता.

माझ्या पोटात माझे स्वतःचे तापमान मोजणारा एक वेगळा सेन्सर आहे. त्याचा फिरकीच्या प्रोग्रॅमशी संबंध नाही. तो फक्त माझ्या पंख्याला हुकूम देतो. पेटीच्या झळांनी मी तापलो आणि पंखा फिरू लागला. आधी हळू, मग जोरात, मग त्याची धूळ खाल्लेली पाती किंचाळू लागली. मला तोंड नाही, आणि सांगितल्याशिवाय शिट्टीही वाजवता येत नाही. तेवढाच काय तो माझा आवाज.

शेजारच्या सभागृहात फोटोवाल्याने "आता कोणी हलू नका" म्हणून सगळ्यांना गप्प केले होते. त्या शांततेत फिरकीला माझा आवाज आला. हे तिनेच नंतर बाईंना सांगितले. मला दिसले ते एवढेच, की दार धाडकन उघडले आणि ती आत धावत आली. तिने लोंबणारी तार पाहिली, माझ्या पडद्यावरचे शून्य पाहिले आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. दिव्याची आणि माझी वीज एकाच बोर्डावरून येत होती. तिने प्लगला हात घातला.

वीज जाणे हे आम्हा संगणकांचे मरण. आयुष्यभर मी त्याला भ्यालो. त्या वेळी मात्र मनात एकच होते : उपट, पोरी, लवकर उपट.

पुन्हा शुद्धीवर आलो तेव्हा पेटीचे झाकण उघडे होते आणि खोली माणसांनी भरली होती.

"तरी मी म्हणत होतो, हा डबा भंगारात द्या," मुख्याध्यापक चिडून म्हणाले. "आजच्या आज उचला."

मला स्क्रूचा आवाज ऐकू येऊ लागला.

"नाही सर." फिरकी पुढे आली. "त्याची चूक नाही. मी सांगितलं तेच त्यानं केलं. मावशीनं विचारलं होतं, मीच उद्यावर ढकललं."

मुख्याध्यापकांनी मान डोलावली आणि ते निघून गेले. मावशीने स्टूल ओढले आणि तिला जवळ बसवले. "चल, आत्ता करू."

"मला भीती वाटते मावशी. परत चुकलं तर?"

"मलाही वाटते. रोज वाटते. पेटी दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी घशाखाली घास उतरत नाही माझ्या. ती भीती घेऊनच बसायचं आणि एकेक प्रश्न विचारायचा. बोल, शून्य आलं तर काय करायचं?"

"दिवा विझवायचा. आणि जोरात शिट्टी वाजवायची."

"आणि शंभर आलं तर?"

"तेव्हाही."

फिरकीने ओळी लिहिल्या आणि मग स्वतःच्या हाताने तार उपटली. दिवा विझला, शिट्टी वाजली. तिने तार लावली, पुन्हा उपटली. तिचे समाधान होईपर्यंत ती उपटतच राहिली.

अंडी पुन्हा पेटीत गेली, पण आतले जगले की नाही हे कोणालाच सांगता येईना. ते दिवस फार वाईट गेले. फिरकी यायची, पेटीला कान लावायची आणि निघून जायची. मग एका सकाळी टकटक ऐकू आली. कवचाला चीर गेली आणि एक ओले, चिडलेले पिल्लू बाहेर पडले. त्यामागून आणखी काही आली. चार अंडी मात्र तशीच राहिली. वर्ग पिल्लांभोवती नाचत होता आणि फिरकी त्या चार अंड्यांजवळ उभी होती. तिने ती शाळेच्या बागेत स्वतः पुरली.

मित्रांनो, मला अजून भीती वाटते, भंगाराची नव्हे. माझ्याहून कितीतरी बलवान यंत्रे आता सगळीकडे आहेत. ती गाड्या थांबवतात, औषधे मोजतात, बाळांना ऊब देतात. ती माझ्यासारखीच आहेत. तुमच्यापैकी कोणी उद्या त्यांचे प्रोग्रॅम लिहाल, कोणी तपासाल, कोणी त्यांच्या तारा जोडाल. तेव्हा आमची धूळ पुसली नाहीत तरी चालेल, पण आमच्या जवळ कोण झोपले आहे ते आधी बघा. आम्हाला 'नाही' म्हणता येत नाही. ते तुम्हालाच आधी म्हणून ठेवावे लागते.