लिओनीचं बटण

लिओनी थुर्नाऊ ही एके काळची मोठी सिनेनटी. तिच्या चेहऱ्यावर अख्खं व्हिएन्ना फिदा होतं, पण तिने बिनतारी दिवा शोधला होता हे कोणाच्या गावीही नव्हतं. संकटातल्या जहाजाने बटण दाबावं आणि दूर किनाऱ्यावर दिवा पेटावा, अशी तिची युक्ती. माझी रंगमंचावरची जोडीदारीण रोस्विथा, तिने लिओनीवर नाटक लिहिलं. लिओनी ती स्वतः, बाकीचे सगळे पुरुष मी. मिशा तेवढ्या बदलायच्या.

आमचं नाट्यगृह म्हणजे कॉफीहाउसखालचं तळघर. वरून येणारा जिना थेट रंगमंचावर उतरतो.

पहिल्या प्रयोगात मी निर्मात्याची जाडजूड मिशी लावून तिला म्हणालो, "तू फक्त सुंदर दिस. यंत्रांचं डोकं कशाला चालवतेस?" उत्तर म्हणून रोस्विथाने बटण दाबलं. कोपऱ्यातला दिवा ढिम्म. तिने पुन्हा दाबलं, तर जिन्यावर बूट वाजले आणि वरचे वेटर नेमेत्झ खाली आले. काळा कोट, हातात तबक, कपाळावर आठ्या. वर टेबलाटेबलावर वेटरला बोलवायची बटणं नुकतीच बसवली होती, आणि आमचं बटणही त्याच दुकानातलं निघालं, त्याने वरचीच घंटी वाजत होती. दिव्याची पिन तर कोणाच्या तरी पायाने निघाली होती. हे सगळं आम्हाला नंतर कळलं.

"कोणी बोलावलं?" नेमेत्झनी विचारलं.

मी मिशी चाचपू लागलो. रोस्विथा मात्र शांतपणे म्हणाली, "मी. बघितलंत, निर्मातेसाहेब? तार नाही, हाक नाही, तरी माणूस हजर."

प्रेक्षक खदखदा हसले. मी कसंबसं म्हणालो, योगायोग असेल. मग तिने नेमेत्झना वर जाऊन पुन्हा यायची विनंती केली. एकदाच काय ते ठरवा, माझे गुडघे दुखतात, असं पुटपुटत ते गेले. बटण दाबताच परत आले, या वेळी कॉफी घेऊन. हसू दाबताना माझी मिशी एका बाजूने सुटली.

"साहेब," नेमेत्झ गंभीरपणे म्हणाले, "ती कपात पडेल."

त्यानंतर पहिल्या रांगेतल्या एक बाई हसता हसता खुर्चीवरून घसरल्या. पुढे मी आरमाराचा अधिकारी झालो, तर नेमेत्झ पुन्हा आले आणि मलाच विचारू लागले, मघाचे ते साहेब कुठे गेले?

शेवटच्या प्रवेशात आरमाराने शोध नाकारलेला असतो. म्हातारी लिओनी एकटीच बसून बटण दाबते, कोणी तरी बघेल या आशेने. रोस्विथाने दाबलं. नेमेत्झ आले. या वेळी कोणी हसलं नाही. तिच्या डोळ्यांतलं पाणी पाहून ते थबकले, आणि तबकातला पाण्याचा पेला त्यांनी अलगद तिच्यापुढे ठेवला.

"आलो, बाईसाहेब."

टाळ्या थांबेनात. नेमेत्झ आमच्यापेक्षा डौलात वाकले.

नंतर मी त्यांची माफी मागितली, उद्या बटण बदलतो म्हणालो. "खबरदार बदलाल तर," ते म्हणाले. "उद्या मी इस्त्रीचा कोट घालणार आहे."

दुसऱ्या दिवशी वरची गिऱ्हाइकं कॉफीची वाट पाहून वैतागली आणि वेटरला शोधत खाली आली. खुर्च्या भरलेल्या, म्हणून नेमेत्झ त्यांची कॉफी आणायला वर जाताच सगळी जिन्यावरच बसली. नेमेत्झना पुन्हा खाली उतरायला वाटच उरली नाही. इस्त्रीच्या कोटात वरच उभे राहून ते ओरडले, "बाईसाहेब, मी निघालोय, पण ही मंडळी हलत नाहीत!"