सिग्नेबाईंच्या वेळेतलं धुणं

"मूल रडू दे, गाणी वाजव, मासळीचा वास सोड, पण तळघरातल्या धुण्याच्या खोलीत दुसऱ्याच्या वेळेला हात लावू नकोस," किल्ली देताना योरान म्हणाला होता. यिल्वाने ते हसण्यावारी नेलं. शिकल्यासवरल्या बाईला हा धुणं शिकवतोय!

घर योरानने भाड्याने घेतलेलं. तो मैत्रिणीकडे राहायला गेला आणि मालक कंपनीला न विचारता यिल्वाला ठेवून गेला. स्टॉकहोममध्ये सरळ मार्गाने घर हवं तर रांगेत म्हातारं व्हावं लागतं. यिल्वाने अठराव्या वाढदिवशीच नाव घातलं होतं. तिला मूल झालं, नंबर काही आला नाही. कंपनीला कळलं, की पोरासकट रस्त्यावर. त्यामुळे दारावरची प्रत्येक थाप तिच्या छातीत वाजायची.

त्या सकाळी छोट्या मेल्करने घरातल्या झाडून सगळ्या चादरींवर ओकून ठेवलं. यिल्वा त्याला काखोटीला मारून, चादरी घेऊन खाली तळघरात आली. धुण्याची वेळ राखायला प्रत्येक घर भिंतीवरच्या फळ्यावर आपलं छोटं कुलूप अडकवायचं; आत्ताच्या वेळेला तिथे तिसऱ्या मजल्यावरच्या सिग्नेबाईंचं कुलूप लटकत होतं. मशीन मात्र रिकामं. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि चादरी कोंबल्या.

बटण दाबणार, तोच सिग्नेबाई दारात.

"कुणाचं गं हे?"

"बाळ आजारी आहे हो..."

"बाळं आम्हीही वाढवली, दुसऱ्याच्या वेळेत नाही! आणि तू योरानची कोण लागतेस?"

"चु... चुलत बहीण."

"परवा पोस्टमनला बायको म्हणालीस! थांब, कंपनीलाच फोन करते."

इतक्यात जिन्यातून पुरुषी आवाज आला, "नमस्कार! मालक कंपनीकडून आलोय. कुठल्या घरात खरंच कोण राहतं, ते बघायचंय."

सिग्नेबाईंनी फोन खिशात टाकला, दार लावलं, कडी घातली, दिवा मालवला.

"अहो, तुम्ही कशाला लपताय?"

"हळू बोल, बये! सिग्ने माझी बहीण. ती स्पेनला उन्हात लोळतेय. मी बेरित."

"म्हणजे तुम्हीसुद्धा..."

"सुद्धाबिद्धा काही नाही. मशीन लाव, पोराचा आवाज दबेल."

चादरी गरगरू लागल्या. बेरितबाईंनी मेल्करला खांद्यावर घेतलं, दुसऱ्या हाताने यिल्वाचं मनगट घट्ट धरलं. दोघींचे कान दाराला. वर पावलं वाजली, थांबली.

अंधारातून यिल्वा आता तुम्हालाच विनवतेय: तुम्हाला इथे कुणी ओळखत नाही. जरा जिन्यात डोकावून बघा ना, गेला का हो तो?