घरच्यांचा शब्द

ती दारात थांबली.

सगळे इथूनच सुरुवात करतात. नणंद इथून करते, नवरा इथून करतो, आणि भेटून गेलेली माणसं जिना उतरताना एकमेकांना हेच सांगत जातात. सासरे न्हाणीघरात पडले होते आणि सून दारात थांबली होती. सून कोण, तर अँब्युलन्सवरची. जीव वाचवायचा पगार घेते.

नणंदेच्या पहिल्या सांगण्यात ती क्षणभरच थांबली होती. मग त्या क्षणाने बाळसं धरलं. शेजारणीपर्यंत जाताना त्याचं चांगलं मिनिटभर झालं, मावशीला फोनवर सांगताना पाच मिनिटं, आणि गोष्ट दूरच्या काकांकडे पोचली तेव्हा सून कमरेवर हात ठेवून उभी होती.

कमरेवर हात नव्हते. एक हात चौकटीवर होता, दुसऱ्यात नवऱ्याची कॉलर.

तर पुन्हा. जरा मागून.

नणंद राहायला आली होती, म्हणून सासरे सकाळपासून खुशीत. कपडे मशीनला लावले, चहा झाकून ठेवा म्हणाले, आलोच म्हणाले आणि आंघोळीला गेले. थोड्या वेळाने धप्प आवाज आला. ती आणि नवरा एकदमच धावले.

दार नुसतं लोटलेलं होतं. सासरे उताणे. फरशीवर साबणाचं पाणी. त्यांचा एक हात मशीनच्या पायाशी टेकलेला, मशीन घरघर चालू. मशीनची वायर त्या पाण्यातूनच गेलेली आणि मधोमध जोड, काळी पट्टी गुंडाळलेला. तो जोड सासऱ्यांनीच मारला होता. नवी वायर आणू म्हटलं तर ऐकलं नव्हतं.

हे सगळं तिने आधी पाहिलं, सासऱ्यांचा चेहरा नंतर.

यात तिने काही ठरवलं नव्हतं. इतकी वर्षं लोकांच्या घरात शिरून शिरून तिचे पाय आपोआप उंबऱ्याशी थबकत. नव्या पोरापोरींना ती हेच शिकवायची: आधी मी, मग माझा जोडीदार, मग बघे, मग पेशंट. पोरं हसायची, मॅडम, म्हणजे पेशंट शेवटी? मग ती त्यांना तळघरातल्या पंपाची गोष्ट सांगायची. बाप पंपाला चिकटला, त्याला सोडवायला थोरला गेला, थोरल्याला सोडवायला धाकटा. वर आई उभी होती, तिला शेजाऱ्यांनी केसांना धरून मागे ओढलं म्हणून ती वाचली. त्यानंतर वर्गात कुणी हसायचं नाही.

नवरा “बाबा!” करत आत घुसायला निघाला, तेव्हा तिने त्याला असंच मागे ओढलं. शर्टाचं बटण तुटून टणकन फरशीवर पडलं.

“हात लावू नकोस. करंट असेल. मेन बंद कर आधी.”

नवऱ्याने तिच्याकडे जे पाहिलं, ते ती अजून विसरलेली नाही. पण तो गेला. मेन स्विच जिन्यात, चपलांच्या कपाटामागे. घाईत त्याने आधी शेजाऱ्यांचा बंद केला. शेजारी तावातावाने बाहेर आले. मग त्याने घरचा खटका ओढला, मशीन गप्प झालं आणि ती आत गेली.

गळ्याला बोटं लावली. काही नाही.

तिने काखेत हात घालून त्यांना ओढत हॉलमध्ये आणलं आणि छाती दाबायला घेतली. गोष्टीतला हा भाग सगळे गाळतात. घामाने निथळत, मोजत, न थांबता ती दाबत राहिली. हाताखाली एक बरगडी कडकन वाजली. ही बरगडी मात्र नणंदेने गाळली नाही. बाबांची बरगडी मोडली हिनं, हे ती प्रत्येकाला सांगते.

अँब्युलन्सला फोन नणंदेनेच केला होता. काय झालंय असं पलीकडून विचारलं, तेव्हा कानावर पडलं होतं तेच तिने सांगितलं. शॉक लागलाय, घरात करंट उतरलाय.

आता दुसरं दार. हे दार कुणी तिच्या नावावर लावत नाही, पण तेही तिचंच.

अँब्युलन्स लवकर आली. तिच्याच स्टेशनची. खिडकीशी उभी नणंद ओरडली, अरे, गाडी फाटकापासून एवढी लांब, तोंड रस्त्याकडे करून काय लावतात! बरोबर लावली, असं दाबता दाबता तिच्या मनात येऊनही गेलं. वर आला लंबू. यंदाच्या बॅचचा, अजून कायम न झालेला, वर्गात प्रश्न विचारून तिचं डोकं खाणारा आणि म्हणूनच तिचा लाडका. हृदयाला झटका द्यायचं मशीन त्याच्या खांद्याला. मागे ड्रायव्हर दाजी.

लंबू जाळीच्या लोखंडी दाराबाहेर थांबला.

न्हाणीघरापासून हॉलपर्यंत पाण्याचा ओला पट्टा पसरला होता. तो त्याने पाहिला. दाराची जाळी पाहिली. मग तिच्याकडे पाहिलं.

“मॅडम, मेन बंद आहे?”

“आहे. ये.”

“तुम्ही स्वतः बघितला?”

नणंद म्हणाली, अरे, ही तुमचीच बाई आहे ना, ओळखत नाहीस का? लंबू ओळखत होता.  पण घरचे म्हणतात मेन बंद केला, घरचे काहीही म्हणतात, भलताच खटका ओढतात, घरच्यांच्या शब्दावर पाय आत टाकायचा नाही, हे त्याच्या डोक्यात तिनेच ठोकून बसवलं होतं. आणि त्या सकाळी ती घरची होती.

दाजी टेस्टर आणायला खाली गाडीकडे धावले.

तिने लंबूला एक शिवी दिली. कुणालाही कधी दिली नव्हती, अशी. लंबू हलला नाही. दाजी धापा टाकत वर आले, जाळीला टेस्टर लावला, आतल्या बोर्डाला लावला आणि मग दोघं तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसले. मशीनच्या पट्ट्या छातीला चिकटवल्या. झटका देण्याजोगं काही उरलं नाही, असं मशीन म्हणालं. उशीर दारात झाला, जाळीत झाला की न्हाणीघरातच झाला होता, हे मशीन सांगत नाही.

हॉस्पिटलने कळवलं, सासरे हार्ट अटॅकने गेले. अंगावर भाजल्याची खूण कुठेही नाही. नंतर वायरमन आला, त्याने तो काळी पट्टीवाला जोड उलटसुलट करून पाहिला आणि तोंड भरून कौतुक केलं. म्हणाला, एवढं पक्कं काम आमचे लोकही करत नाहीत.

डॉक्टर नवऱ्याला म्हणाले होते, लगेच हात लागला असता तरी फारसा फरक पडला नसता. त्यातलं ‘फारसा’ नवऱ्याने धरून ठेवलं.

त्याने तक्रार केली. लंबूवर.

“तुझ्यावर करता येत नाही, म्हणून त्याच्यावर केली,” तो तिला म्हणाला. ओरडला नाही. बाबांच्या खुर्चीत न बसता खुर्चीजवळ उभा होता. “चौकशीत तुला विचारतील. एवढंच सांग, की त्याने आत यायला हवं होतं. मग त्या दाराचं मी तुला जन्मात विचारणार नाही. ताईचं तोंडही मी बंद करतो.”

तो वाईट माणूस नव्हता. त्याला कुणीतरी चुकलेलं हवं होतं आणि ते तिने असू नये, एवढीच त्याची धडपड होती. तिला ते कळत होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, आणि इतकं गोड तो क्वचितच बोलला होता.

चौकशीच्या खोलीत पंखा डगडगत होता. साहेबांनी विचारलं, मॅडम, तुम्ही तिथे होतात, तुम्हीच शिकवता, आता तुम्हीच सांगा.

 लंबू चुकला म्हणावं, तर पोराची नोकरी जाईल आणि पुढच्या बॅचमधलं कुणीतरी पाण्यात धावत शिरेल. लंबू बरोबर म्हणावं, तर घरी कुणाकडे जायचं?

“तो बरोबर होता,” ती म्हणाली. “मीही तेच केलं असतं. केलंच.”

साहेब खूश झाले. म्हणाले, हे उदाहरण तुमच्या वर्गात घ्या, फार छान आहे.

बाहेर लंबू बाकावरून उठला. डोळे भरलेले. मॅडम, तुमचे उपकार कसे फेडू, असं काहीतरी पुटपुटला आणि पायाला हात लावायला वाकला. ती चटकन मागे सरली.

“तू यायला हवं होतंस,” ती हळूच म्हणाली.

“तुम्हीच तर सांगितलं होतं मॅडम...”

“हो. मीच.”

 संध्याकाळी नवऱ्याला तिने न विचारता सांगितलं, चौकशीत काय बोलली ते. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली, आणि त्याचं अंथरूण बाबांच्या खोलीत गेलं. भांडण नाही, आदळआपट नाही. जेवताना मीठ दे म्हणतो, दे म्हणाला की ती देते. नणंद आता गोष्टीला एक शेपूट जोडते: आणि वर त्या पोराची बाजू घेतली हो हिनं.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांकडे गेली आणि लंबूला तिच्या पाळीत टाकू नका म्हणाली. साहेबांना नवल वाटलं. त्याचं काही चुकलं का, त्यांनी विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “पोरगा चांगला आहे. काहीच चुकलं नाही त्याचं.”

 साहेबांनी लंबूचं नाव दुसऱ्या पाळीत लिहिलं.