पाय धुण्याचा रविवार

"एवढं एक वाक्य बोल की, बाई. जीभ झडणार आहे का तुझी?"

चर्चच्या मंडळीचा कारभार बघणारा डीकन कॉर्नेलियस रेंपेल स्वयंपाकघराच्या दारात बूट न काढता उभा होता. बुटांखालचा बर्फ वितळून त्याचं घाण पाणी आगाथा पेनरच्या पुसलेल्या फरशीवर पसरत होतं. या गावात बूट न काढता कोणी कोणाच्या घरात शिरत नाही. दारू पिऊन आलेला माणूससुद्धा आधी वाकून नाड्या सोडतो. रेंपेलने ते मुद्दाम केलं होतं, आणि आगाथालाही ते कळलं होतं.

"कुठलं वाक्य?" तिने विचारलं. शेगडीवर तिची नखं कापायची हत्यारं उकळत होती.

"मी घाई केली. बस्स. तीन शब्द."

"त्या जखमेत माझी दोन बोटं मावली असती, भाऊ. घाई कसली? तुमच्या ग्रेटाला मी दोनदा सांगितलं होतं."

"म्हणून सरकारला पत्र लिहायचं? आपल्यातली गोष्ट आपल्यात मिटवता येत नव्हती? मंडळीपुढे आणली असतीस तर आम्ही प्रार्थना केली असती."

"तोवर तिचा पाय सडला असता."

"तसाही गेलाच की," रेंपेल म्हणाला. स्वतःच्या उत्तरावर तो खूश झालेला दिसला.

आगाथा गावातल्या म्हाताऱ्यांच्या पायांची नर्स होती. घरोघरी जायचं, पाय कोमट पाण्यात भिजवायचे, लाकडासारखी टणक झालेली नखं कापायची, कुरुपं खरवडायची, मधुमेहाच्या रोग्यांचे तळवे उजेडात धरून बघायचे. बावीस वर्षं हेच चाललं होतं. चेहऱ्यावरून माणसं ओळखायला ती चुकायची, पायांवरून कधी नाही. मंडळी चालवत असलेल्या वृद्धाश्रमातही ती महिन्यातून एकदा जायची, आणि तिथेच मागच्या सप्टेंबरात सारा लेप्पच्या डाव्या पायाचा मोजा टाचेला चिकटलेला तिला सापडला. रेंपेलची बायको ग्रेटा तिथली व्यवस्थापक. ती म्हणाली, बघू. पंधरा दिवसांनी पुन्हा म्हणाली, बघू म्हटलं ना. मग आगाथाने पत्र लिहिलं. तपासणी झाली, आश्रमात नवे लोक घ्यायला बंदी आली, आणि साराचा पाय विनिपेगच्या इस्पितळात गुडघ्याखालून कापला गेला. गावाने यातली बंदी तेवढी लक्षात ठेवली.

रेंपेल आज आला होता तो रिवाजाप्रमाणे. चर्चमध्ये भाकर वाटून खातात त्या प्रभुभोजनाच्या आधी डीकन घरोघर फिरतो आणि विचारतो, देवाशी आणि मंडळीशी तुझं सख्य आहे ना? माणसं हो म्हणतात, कॉफी देतात, हवापाण्याच्या गप्पा होतात. ज्या भावंडांनी वीस वर्षं बांधाच्या वादापायी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, तेही हो म्हणतात. आगाथाही चाळीस वर्षं हो म्हणत आली होती, आणि तिचं हो खरं होतं.

"माझं सख्य आहे," ती म्हणाली.

"मंडळीचं तुझ्याशी नाही ना! ऐक. रविवारी माझी ग्रेटा तुझी जोडीदार म्हणून बसेल. तू तिचे पाय धुवायचे आणि ते वाक्य सगळ्या बहिणींना ऐकू जाईल असं बोलायचं. मग ती तुझे धुवेल. मिटलं सगळं. बोलायचं नसेल तर येऊच नकोस. तुझ्या शेजारी कोणी बसणार नाही, उगाच शोभा होईल."

तो गेला. त्याच्या बुटांचं पाणी आगाथाने गुडघ्यांवर बसून पुसलं, आणि पुसता पुसता तिला रडू आलं. रागाने आलं, आणि थकव्यानेही.

कारण सबंध हिवाळा तिने काढला होता. शेजारचा हेन्री डिक दर वर्षी यंत्राने आपल्या दारातला बर्फ काढता काढता तिच्याही दारातला काढायचा. यंदा तो तिच्या हद्दीपर्यंत यायचा, यंत्र बंद करायचा, ढकलत तिच्या घरापुढून न्यायचा आणि पलीकडच्या दारात पुन्हा सुरू करायचा. तिच्याकडून नखं कापून घेणारे नऊजण शेजारच्या गावातल्या नर्सकडे जाऊ लागले होते. पन्नास किलोमीटर गाडी हाकत, कुरुपं घेऊन. नाताळला तिने भाजलेले पाव चार घरी पाठवले, ते चारही घरांतून तसेच परत आले. भांडण कोणी केलं नाही. भांडण करणं या लोकांच्या धर्मात बसत नाही.

आणि सगळ्यांत जिव्हारी लागली ती खुद्द सारा. इस्पितळात भेटायला गेलेल्या आगाथाला ती म्हणाली होती, "तुला कोणी सांगितलं होतं गं? पाय होता निदान. आता पाय गेला आणि आश्रमातल्या पोरी माझ्यावरच डाफरतात. तू जाशील घरी, मला तिथंच राहायचंय."

शनिवारी संध्याकाळी आगाथाने रेंपेलला फोन करून सांगितलं, बोलेन. फोन ठेवल्यावर तिला स्वतःची किळस आली. पण तिला माणसं हवी होती. अठ्ठावन्न वर्षांची, एकटी बाई. मंडळी सोडली तर तिला या जगात दुसरं कोणी नव्हतं.

रविवारी बायकांसाठी चर्चच्या तळघरात पत्र्याची घमेली मांडली होती, कोमट पाण्याने भरलेली. एका जोडीला एक घमेलं, एक टॉवेल. पाय धुणारणीने टॉवेल कमरेला बांधायचा, गुडघ्यांवर बसायचं, दोन्ही पाय धुऊन पुसायचे, मग अदलाबदल, मग गालाला गाल लावून आशीर्वाद. वर्षातून दोनदा. आगाथाला या विधीची लहानपणापासून ओढ होती आणि गंमतही वाटायची, कारण सगळ्या बायका घरून पाय घासूनपुसून, सुगंधी मलम लावून यायच्या. ती रोज जे पाय धुवायची त्यांना खरोखर धुण्याची गरज असायची, आणि त्याला सगळे काम म्हणायचे. इथे स्वच्छ पायांवर ओंजळभर पाणी घातलं की त्याला नम्रता म्हणायचे. प्रभूने मात्र शिष्यांचे शेणामातीतून चालून आलेले पाय धुतले होते, असं तिला पक्कं वाटायचं. बोलून दाखवायची मात्र नाही.

ग्रेटा रेंपेल खुर्चीत बसली होती. तिच्या उजव्या अंगठ्याजवळचं वाढलेलं हाड आगाथाने दहा वर्षं सांभाळलं होतं, फुकट.

"पाणी गार नाही ना?" आगाथाने विचारलं.

"मोठ्यानं बोल हं," ग्रेटा ओठ न हलवता म्हणाली. "मागच्या रांगेपर्यंत जाऊ दे."

आगाथाने तिचा पाय हातात घेतला. "मी घाई केली," ती मोठ्याने म्हणाली.

तळघरात एकदम मोकळं वाटायला लागलं. कोणीतरी उसासा सोडला. हेन्री डिकची सून लेना शेजारच्याच घमेल्यापाशी होती, ती सहा महिन्यांत पहिल्यांदा आगाथाकडे बघून हसली. आगाथाला त्या हसण्याचा इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली.

लेनाच्या पुढ्यात चाकांच्या खुर्चीत सारा लेप्प होती. एक पाय.

"मोजा राहू दे गं," ग्रेटाने वरूनच लेनाला सांगितलं. "थंडी वाजते तिला. वरून पाणी शिंपडलं तरी चालतं."

लेनाने लोकरीच्या मोज्यावर पाणी शिंपडलं. लोकर भिजली, आणि सडत्या जखमेचा तो वास आगाथाच्या नाकात शिरला. तिथल्या साबणांच्या आणि मलमांच्या वासांतून तो दुसऱ्या कोणाला कळला नसता. बावीस वर्षं पायांपाशी बसलेल्या बाईला तो चुकणं शक्य नव्हतं.

तिने ग्रेटाचा पाय घमेल्यात सोडला आणि गुडघ्यांवरूनच सरकत ती साराच्या खुर्चीपाशी गेली.

"आगाथा, इकडे ये. माझे पाय ओले आहेत."

"सारामावशी, मोजा काढते हं."

"हात लावू नकोस!" सारा किंचाळली. "मेले, एक नेलास, आता हाही नेतेस का?"

मोजा टाचेला चिकटला होता. आगाथाने पाणी घालून घालून तो सोडवला. आत आठ आण्याएवढा काळा डाग होता आणि भोवतीची कातडी लाल, गरम होती. पलीकडच्या दोघी-तिघींनी बघितलं आणि माना फिरवल्या.

"आम्ही बघू ते," ग्रेटा म्हणाली. "आज पवित्र दिवस आहे. वर सगळे वाट बघतायत."

"लेना, अँब्युलन्सला फोन कर."

लेनाने ग्रेटाकडे बघितलं आणि ती जागची हलली नाही. तेव्हा आगाथाने स्कर्टच्या खिशातून स्वतःचा फोन काढला आणि ओल्या हाताने नंबर लावला. रोग्याचं नाव, वय, पाय कुठला, सगळं तिने सांगितलं, आश्रमाचं नावही. मघापेक्षा मोठ्याने. फोन ठेवल्यावर ती बायकांकडे वळली.

"मघा बोलले ते खोटं होतं. मी घाई केली नव्हती. पंधरा दिवस उशीर केला होता. ग्रेटावर विश्वास ठेवून."

कोणीतरी भजन सुरू केलं आणि बाकीच्यांनी ते घाईघाईने उचलून धरलं. एकमेकींच्या गालांना गाल लावत, मोजे चढवत बायका जिन्याकडे निघाल्या. ग्रेटा टॉवेलसाठी थांबली होती, पण तो आगाथाच्या कमरेला होता आणि तो मागणं तिला जमेना. तिने ओल्या पायांवरच मोजे ओढले.

"तुझं नाव आता मंडळीच्या वहीतून गेलं समज," ती जाता जाता म्हणाली.

तळघरात दोघीच उरल्या. आगाथाने घमेल्यातलं पाणी बदललं, हाताच्या पाठीने ते किती गरम आहे ते बघितलं आणि साराचा पाय धुवायला घेतला, डाग टाळून, हळूहळू. सारा बराच वेळ पुटपुटत शिव्या देत होती. मग थांबली. वरून बाकांचा आवाज आला, मग सगळं शांत झालं.

"प्रभुभोजनाची भाकर फिरायला लागली असेल," सारा म्हणाली.

"हो."

"मला आणून देतील नंतर. आजाऱ्यांना खाटेवर देतात." तिने आगाथाकडे निरखून बघितलं. "तुला नाही देणार."

"नाही देणार," आगाथा म्हणाली, आणि टॉवेलच्या टोकाने साराच्या पायाच्या बोटांमधली जागा कोरडी करू लागली.