वाटीतलं कुलूप

सोमवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, कपडे धुण्याच्या कारखान्यात, जेवणाच्या खोलीत, वाटीतलं पिवळं पाणी लालभडक झालं. सतरा बायका "अगं बाई!" म्हणत मागे सरल्या.

"लागलं कुलूप!" तोडगे विकणाऱ्या माईने वाटी मिरवली. "वर्षभर पाळणा हलायचा नाही. सुई नको, गोळी नको. बोट बुडवा आणि खुशाल झोपा!"

मोबदला एकच, कारखान्यातली कोरी चादर. माई येताना सडपातळ पिशवी आणायची, जाताना ती बाळंतीण व्हायला टेकलेली असायची.

आता पाळी दोघी जावांपैकी धाकटीची. मागच्या बाळंतपणात रक्त थांबेना म्हणून ती मरता मरता वाचली होती. दर तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन डबल पाळ्यांच्या गडबडीत राहिलं, त्याला सहा आठवडे झाले. आणि नवरा काही परगावी नव्हता. इंजेक्शनमुळे मासिक पाळी आधीच बंद, तेव्हा अंदाज तरी कशावरून बांधायचा?

"बुडव गं, मेल्या विचारांनी वाळलीस," थोरल्या जावेने ढोसलं.

"आधी मी," दारातून नर्सबाई म्हणाल्या. भाजलेल्या हातांना मलमपट्टी करायला त्या दर सोमवारी यायच्या. डोकं पांढरंशुभ्र. नव्या वाटीत बोट घातलं. पाणी पिवळंच.

"घ्या! मला दिवस जाणार. नातवंडांना कुठल्या तोंडाने सांगू?"

खोलीभर खसखस पिकली. "तुमची श्रद्धा नाही," माई फणकारली.

"मुकादमांची पाहू." सोड्याचं पोतं ओतून आलेल्या मुकादमांनी बोट बुडवलं. पाणी लाल!

"अगं बाई, मुकादमांनाही कुलूप!" थोरली ओरडली.

नर्सबाईंनी कुणाच्या तरी डब्यातली लिंबाची फोड त्यात पिळली. पाणी पुन्हा पिवळं. "ही किल्ली. हळदीचं पाणी आहे. धुण्याचा सोडा लागला की लाल होतं, आंबट पडलं की पिवळं. तुमचे हात दिवसभर सोड्यात. पोटाचा संबंधच काय?"

माई केव्हाच सटकली होती. पिशवी मात्र राहिली.

मग चादरींच्या ढिगाआड धाकटीने सगळं सांगितलं, तशी नर्सबाईंनी आवाज उतरवला. "चार आठवड्यांचा उशीर सांभाळून घेता येतो. तुझे सहा झाले. शेवटचं जवळ आलात कधी?"

"झाले दहा दिवस."

"पाच दिवसांच्या आत आली असतीस तर तातडीची गोळी दिली असती. चल, तपासू."

लघवीच्या तपासणीत एकच रेघ उमटली. धाकटीने हात जोडले.

"थांब. इतक्या लवकर पट्टी फसवू शकते. इंजेक्शन आज देते. सात दिवस निरोध. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. आणि हे बघ, तारीख चुकली तर लाजायचं नाही, वाटीत बोट घालायचं नाही, दवाखान्यात यायचं. शंका तपासून फिटते, रंगाने नाही."

"आणि दुसरी रेघ आली तर?"

"तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. मी सोबत येईन."

थोरलीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढच्या तिसऱ्या सोमवाराभोवती गोल काढला. त्याला आज तेरा दिवस झाले; तो सोमवार अजून आठ दिवसांवर आहे.