सतरा तारखेचा ‘ह’

मी घाटकोपरच्या एका कारखान्याचा हजेरीपट. निर्जीव वस्तूने बोलू नये, असे कोणी म्हणेल; परंतु माझा जन्मच साक्ष देण्यासाठी झाला, आणि तीच साक्ष माझ्याकडून खोटी वदवून घेण्यात आली.

आमचा कारखाना प्लास्टिकची झाकणे बनवणारा. वरच्या कार्यालयातील कायम नोकरांसाठी बोट टेकवण्याचे यंत्र होते. खाली साच्यांवर राबणाऱ्या कंत्राटी बायकांसाठी मी. हजर असेल तिला ‘ह’, गैरहजर असेल तिला ‘गै’, एवढीच माझी भाषा.

लेखनिक श्यामकांत यांचे अक्षर मला फार प्रिय होते. नोंद रोजच्या रोज, शाईनेच व्हावी, हा नियम त्यांना मुखोद्गत होता. तरीही ते पेन्सिलीने लिहीत. “महिनाअखेर बघून शाई करू,” असे मालक नंदकिशोर शेठ यांनी बजावले होते. मला ती केवळ सोय वाटली.

श्यामकांतांचा हात जड. साच्यावरची कमल आत येताच त्यांना छेडायची.

“श्यामकांतभाऊ, हजेरी मांडताय की वरवंटा फिरवताय? कागद फाटेल ना!”

“तुझा दिवस पुसट राहू नये म्हणून गं,” ते हसून म्हणत. मी ते शब्द खरे मानले.

सतरा तारखेला सकाळी कमलच्या नावापुढे असाच ठसठशीत ‘ह’ उमटला. दुपारी साचा तिच्या उजव्या हातावर मिटला. काम झपाट्याने व्हावे म्हणून साच्याची संरक्षक जाळी महिन्यापूर्वीच काढून ठेवली होती. कमलची दोन बोटे गेली. अपघात सरकारला कळवणे बंधनकारक होते. शेठ मात्र खाली आले ते माझ्याकडे.

“जाळी नव्हती हे बाहेर गेलं तर वाट लागेल. ती आज आलीच नाही. घरी लागलं असेल.”

“शेठ, सगळ्यांनी पाहिलंय...”

“सगळ्यांना उद्या कामावर यायचंय. तुम्हाला पण ना?”

श्यामकांतांनी खोडरबर काढले. ‘ह’ गेला, ‘गै’ आला. लगेच सबंध पानावर शाई फिरली. इतक्या तत्परतेने मला शाई कधीच लाभली नव्हती.

दोन महिन्यांनी मी कामगार अधिकाऱ्यांच्या मेजावर होतो; समोर कमल, बाजूला श्यामकांत. त्या दिवशीची हजेरी सिद्ध झाली नाही, तर कमलला ना उपचारखर्च, ना भरपाई, ना काम.

“बाई, नोंदीत तुम्ही गैरहजर आहात.”

कमलने डाव्या हाताने मला ओढले. पान उलटले. मागच्या कोऱ्या बाजूवर बोट फिरवत ती थांबली.

“साहेब, इथं बोट ठेवा. शाईच्या ‘गै’खाली ‘ह’ लागतोय. भाऊंचा वरवंटा आहे तो, रबरानं जात नाही.”

अधिकाऱ्यांनी बोट ठेवले आणि मान वर केली. “श्यामकांत, यातलं तुमचं अक्षर कोणतं?”

श्यामकांतांनी स्वतः पानामागे बोट फिरवले.

“दोन्ही माझीच, साहेब.”

निकाल अद्याप लागायचा आहे. मी सरकारी कपाटात मोहोरबंद पडलो आहे. मला उघडणाऱ्यास एकच विनंती: आधी वाचू नका, पान उलटून बोट फिरवा.

आणि श्यामकांत, आपण अखेर खरे बोललात, हे मी ऐकले. तरी क्षमा मागू नका. खोडताना आपला जड हात किती सहज हलका झाला होता, ते माझ्या अजून स्मरणात आहे.